मान कुणी वाकवली?

एक छोटा प्रयोग करून बघा. मोबाइल एका हातात राहू द्या. डावीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखी मान डाव्या खांद्याकडे वळवा आणि मोकळ्या हाताची बोटं गळ्याच्या उजव्या बाजूला ठेवा. कानामागच्या हाडापासून निघून, तिरका खाली उतरत छातीच्या मधल्या हाडापर्यंत आलेला एक ताणलेला दोर हाताला लागेल. हा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव भीतीदायक आहे, पण ते फक्त तीन हाडांची नावं जोडून झालंय : छातीचं मधलं हाड, गळ्याखालचं आडवं हाड आणि कानामागचा उंचवटा. दोन्ही बाजूंना एकेक असे हे दोन स्नायू. उजवा आखडला की डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते. म्हणजे एकच दोर ओढल्यावर दोन हालचाली होतात.

आता कल्पना करा की नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा यातला एक दोर आखूड राहिला आहे. बाळ कायम एकाच बाजूला कललेलं, दुसऱ्याच दिशेला बघणारं. या अवस्थेला डॉक्टर कंजेनिटल मस्क्युलर टॉर्टिकॉलिस म्हणतात. लॅटिनमध्ये ‘टॉर्टस’ म्हणजे पिळलेली आणि ‘कॉलम’ म्हणजे मान. आपल्याकडे सरळ ‘मान वाकडी’ म्हणतात.

दुखणं लहानसं, त्यानं जीव जात नाही. पण गेली जवळपास चारशे वर्षं सर्जन, शरीरशास्त्रज्ञ आणि आयाबाया या एका स्नायूपुढे दोन प्रश्न घेऊन उभ्या आहेत. पहिला, ही मान वाकवली कुणी? दुसरा, थांबायचं की कापायचं? पहिल्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरानं कुणाच्या तरी माथी विनाकारण दोष बसतो. दुसऱ्याच्या चुकीच्या उत्तरानं एक तर बाळावर नको असताना सुरी चालते, नाहीतर चेहरा कायमचा तिरका होतो.

सिकंदराची मान

वाकड्या मानेचा सगळ्यात प्रसिद्ध मालक म्हणजे अलेक्झांडर, आपला सिकंदर. त्याच्यानंतर चारशे वर्षांनी त्याचं चरित्र लिहिणाऱ्या प्लुटार्कनं नोंदवलंय की त्याची मान किंचित डावीकडे कललेली असे, आणि शिल्पकार लिसिप्पसनं ती लकब पुतळ्यात नेमकी पकडली होती. त्याच्या मागून आलेले राजे त्याच्यासारखं दिसावं म्हणून जांभळी वस्त्रं नेसत, अंगरक्षक बाळगत आणि मानही तशीच तिरकी धरत, असंही प्लुटार्कच सांगतो. सम्राटाची मान वाकडी असली की तिची फॅशन होते.

एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर मंडळी या पुतळ्यांचं निदान करत आली आहेत. कुणी म्हणालं जन्मजात आखडलेला स्नायू. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन ग्रीक डॉक्टरांनी वेगळी शक्यता मांडली : दोष मानेत नसून डोळ्यात असावा. डोळा फिरवणारा एखादा स्नायू दुबळा असला की एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. डोकं एका विशिष्ट कोनात कलवलं की दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. मग माणूस नकळत तसंच डोकं धरून वावरतो.

खरं काय ते संगमरवराला विचारून कळणार नाही, कारण संगमरवराची मान वळवून बघता येत नाही. पण या वादातून निदानाचा पहिला धडा मिळतो. कललेली मान हे लक्षण आहे, आजार नाही. तिच्यामागे स्नायू असू शकतो, डोळा असू शकतो, जन्मतः एकमेकांना चिकटलेले मणके असू शकतात, पोटातलं आम्ल वर येण्याचा त्रास असू शकतो आणि क्वचित मेंदूच्या मागच्या भागातली गाठसुद्धा. म्हणून चांगला बालरोगतज्ज्ञ मान बघून लगेच शिक्का मारत नाही. तो बाळाची मान दोन्हीकडे वळवून बघतो, स्नायू चाचपतो, नजर तपासतो आणि खुबेही. खुब्यांचा काय संबंध? वाकडी मान घेऊन आलेल्या काही बाळांचा खुब्याचा सांधाही नीट बसलेला नसतो. असं का, हे पुढे बघू.

सुरीची दोनशे वर्षं

रेम्ब्रांटचं १६३२ सालचं एक चित्र तुम्ही कुठेतरी नक्की पाहिलं असेल. काळ्या कपड्यांतला एक डॉक्टर मृतदेहाच्या हातातले स्नायू चिमट्यानं उचलून दाखवतोय आणि भोवतीचे लोक टक लावून बघताहेत. हा डॉक्टर म्हणजे ॲमस्टरडॅमचा निकोलास टुल्प. त्यानं १६४१ साली आपल्या अनुभवांचं लॅटिन पुस्तक छापलं. इसाक मिनियस नावाच्या सर्जननं वाकडी मान कापून सरळ केल्याची नोंद त्यानं करून ठेवली आहे. या शस्त्रक्रियेच्या लिखित इतिहासाची सुरुवात साधारण इथून धरतात.

त्या काळात हे धाडस केवढं होतं याचा अंदाज घ्या. भूल नव्हती, ती आली १८४६ मध्ये. जंतू नावाची गोष्टच ठाऊक नव्हती. आणि हा स्नायू ज्या जागी आहे तिथे त्याच्या लगेच खाली मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि मेंदूकडून रक्त परत आणणारी मोठी शीर. सुरी जरा खोल गेली की खेळ खलास. ती नीट चालली तरी जखम चिघळण्याची भीती होतीच.

शंभर वर्षांनी, १७४१ मध्ये, पॅरिसच्या निकोला आंद्री यानं वयाची ऐंशी ओलांडल्यावर एक पुस्तक लिहिलं. मुलांच्या शरीरातले बाक कसे टाळावे आणि कसे सुधारावे, हा विषय. पुस्तकासाठी त्यानं एक नवा शब्द घडवला. ग्रीकमधलं ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायडिऑन’ म्हणजे मूल. त्यातून झालं ऑर्थोपेडी. आज गुडघे बदलायला आजी ज्या डॉक्टरकडे जाते, त्याच्या पाटीवरच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘सरळ मूल’ असा आहे. पुस्तकात एक चित्र होतं : वाकडं वाढणारं झाड आणि त्याला सरळ खांबाशी बांधणारी दोरी. जगभरातल्या अनेक अस्थिरोग संघटनांच्या बोधचिन्हात ते झाड आजही आहे. आंद्री सर्जनांशी बोलत नव्हता, आईबापांशी बोलत होता. मूल सरळ ठेवण्याचं काम घरातच व्हायला हवं, असं त्याचं म्हणणं. वैद्यकानं पुढची दोनशे वर्षं झाडाचं चित्र तेवढं घेतलं. आईबापांचा मुद्दा बाजूला पडला.

कारण एकोणिसावं शतक सुरीचं होतं. १८२२ मध्ये पॅरिसच्या द्युप्युत्रां या नामांकित सर्जननं मोठी जखम न करता, त्वचेला बारीक छिद्र पाडून आतल्या आत स्नायू कापला. पुढे हॅनोव्हरच्या लुई श्ट्रोमायरनं १८३१ पासून वाकड्या पावलांसाठी हीच त्वचेखालून कापायची पद्धत नावारूपाला आणली. जखम लहान, हवेचा संपर्क कमी, म्हणून ती कमी चिघळायची. विल्यम लिटल नावाचा एक तरुण इंग्लिश डॉक्टर स्वतःचं वाकडं पाऊल घेऊन त्याच्याकडे गेला, बरा होऊन परतला आणि लंडनमध्ये या उपचाराचा प्रचारक झाला.

पावलाला हे ठीक होतं. मानेत मात्र त्वचेखालून कापायचं म्हणजे अंदाजानं कापायचं, आणि अंदाज चुकला तर त्याखाली काय आहे ते आपण पाहिलंच.

‘तथाकथित जन्मजात’

कोंडी फोडली रिचर्ड फोल्कमान यानं. जर्मनीतल्या हाले शहरातला हा सर्जन. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करायची लिस्टरची पद्धत त्यानं लवकर उचलली. माणूस मोठा रंगतदार. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्समध्ये मुक्कामी असताना यानं मुलांसाठी परीकथा लिहिल्या. त्या रिचर्ड लिआंडर या टोपणनावानं छापल्या गेल्या आणि जर्मन घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या.

१८८५ मध्ये फोल्कमाननं सांगितलं की अंदाजानं कापणं बंद करा. जंतूंवर आता उपाय आहे, तेव्हा मान व्यवस्थित उघडा, डोळ्यांनी बघा आणि मगच स्नायू कापा. पण त्याच्या लेखाच्या शीर्षकात आणखी एक ठिणगी होती. त्यानं या आजाराला ‘तथाकथित जन्मजात’ म्हटलं होतं. दोष जन्माआधीचा की जन्मताना झालेला, हा वाद तेव्हा पेटलेला होता.

श्ट्रोमायरनं १८३८ मध्येच मत दिलं होतं की बाळ बाहेर येताना स्नायूला इजा होते, रक्त साकळतं आणि तिथे वण धरून स्नायू आखडतो. पटण्यासारखंच होतं. अवघड बाळंतपणं, पायाळू बाळं आणि चिमटा लावून काढलेली बाळं यांच्यात हा प्रकार जास्त दिसायचा. शिवाय अनेक बाळांच्या मानेत जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागायची. ती साकळलेल्या रक्ताचीच, असं गृहीत धरलं गेलं. आणि मग बोट कुणाकडे जाणार? सुईणीकडे. तिनं डोकं ओढलं म्हणून झालं. नाहीतर चिमटा लावणाऱ्या डॉक्टरकडे. नाहीतर नीट कळा न देणाऱ्या बाईकडेच.

पण हिशेब जुळत नव्हता. शरीरात इतरत्र स्नायूत रक्त साकळलं तर ते शोषलं जातं, स्नायू असा दोरखंडासारखा होत नाही. पीटरसन नावाच्या जर्मन सर्जननं १८८० च्या दशकातच या सिद्धान्तावर हल्ला चढवला आणि मूळ गर्भाशयात शोधायला सांगितलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींमध्ये रक्ताच्या खुणा सापडेनात, सापडायचे ते तंतू. सिझेरियननं अलगद बाहेर काढलेल्या बाळांमध्येही वाकडी मान दिसू लागली. तिथे तर कुणी काही ओढलंच नव्हतं. १९३० मध्ये मिडलटन यांनी मांडलं की स्नायूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्या तर अशाच प्रकारचे तंतू तयार होतात.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड्स, वेंगर आणि मुबारक यांनी एमआरआय आणि शवविच्छेदन यांच्या आधारे हे सूत्र पुढे नेलं. हा स्नायू एका आवरणात बंद असतो. गर्भाशयात किंवा जन्मताना बाळाचं डोकं बराच काळ वाकलेल्या, पिळलेल्या अवस्थेत अडकलं, तर त्या बंद कप्प्यातला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायूचे तंतू मरून त्यांच्या जागी वण तयार होतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. प्लास्टर घट्ट बसल्यामुळे हात असा आखडला तर त्याला ज्या माणसाचं नाव आहे, तो कोण? हाच फोल्कमान. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे रक्तपुरवठा तुटून हात कसा आखडतो, हे त्यानं १८८१ मध्ये लिहिलं आणि चारच वर्षांनी वाकड्या मानेबद्दल. दोन्ही लेख एकाच माणसाचे, पण ते जोडायला शंभरहून अधिक वर्षं जावी लागली.

वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण भर बदलला आहे. गर्भाशयात जागा कमी पडणं हा आज महत्त्वाचा धागा मानतात. म्हणूनच पहिलटकरणीची बाळं, पायाळू बाळं आणि खुबा नीट न बसलेली बाळं या गोष्टी एकत्र दिसतात. जागा अपुरी असेल तर मानही दुमडते आणि पायही. म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं आजचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर असं : बहुतेक वेळा कुणीच नाही. सुईणीनं नाही, डॉक्टरनं नाही, आणि गरोदरपणात अमुक बाजूला झोपली म्हणून आईनं तर नाहीच नाही.

थांबायचं की कापायचं?

भूल आणि जंतुनाशकं हाताशी होतीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिजैविकंही आली, तशी सुरीही धीट झाली. पोलिश वंशाचा सर्जन मिकुलिच यानं तर १८९५ मध्येच स्नायूचा मोठा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया मांडली होती. तान्ह्या बाळाच्या मानेतली गाठ दिसली की ती काढूनच टाकावी, असं म्हणणारेही होते.

मग १९५९ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधून कॉव्हेंट्री आणि हॅरिस यांचा लेख आला. त्यांनी एक साधी गोष्ट केली होती : बाळांकडे लक्ष ठेवलं आणि वाट पाहिली. गाठी बहुतेकदा काही महिन्यांत विरघळून जात होत्या आणि पुष्कळ बाळं शस्त्रक्रियेशिवाय सुधारत होती. सर्जनसाठी ‘काही करू नका’ हे ऐकणं सोपं नसतं. पण तान्ह्या बाळावरची घाईची सुरी यानंतर मागे हटू लागली.

‘आपोआप बरं होतं’ या वाक्याला दुसरी बाजू आहे. सगळ्यांचं होत नाही. १९८२ मध्ये कॅनाले आणि सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा दिसलं की पहिला वाढदिवस उलटल्यावर नुसत्या व्यायामानं मान सुटणं दुर्मीळ होतं. दरम्यान चेहरा वाढत असतो. कललेल्या बाजूचा गाल, डोळा, जबडा हळूहळू खाली-वर होऊ लागतो. डोकं एकाच बाजूवर टेकत असल्यानं मागून चपटं होतं.

सगळ्यात मोठा पुरावा आला हाँगकाँगहून. तिथल्या चेंग आणि सहकाऱ्यांनी ८२१ बाळांचा मागोवा घेऊन २००१ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी बाळांचे तीन गट केले : हाताला गाठ लागणारी, गाठ नाही पण स्नायू घट्ट असणारी, आणि दोन्ही नसताना फक्त मान कललेली. उपचार एकच, प्रशिक्षित हातांनी हळूहळू स्नायू ताणायचा. गाठ असलेल्या गटातही शस्त्रक्रिया दहातल्या एकाहून कमी बाळांना लागली. तिसऱ्या गटात कुणालाच नाही.

अमेरिकेतल्या बालफिजिओथेरपिस्टांनी २०१३ मध्ये, आणि सुधारून २०१८ मध्ये, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातले आकडे प्रत्येक नव्या आईबापानं लक्षात ठेवावेत असे आहेत. उपचार महिन्याच्या आत सुरू झाला तर ९८ टक्के बाळांची मान साधारण दीड महिन्यात पूर्ण वळू लागते. तोच सहा महिन्यांनंतर सुरू केला तर नऊ-दहा महिने लागू शकतात, आणि तेव्हाचं बाळ गप्प पडून राहत नाही, हातपाय झाडतं.

आणि उपचार म्हणजे काय? ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट स्वतः शिकवतो. व्हिडिओ बघून ते करू नयेत. पण बाकीचं सगळं घरातलंच आहे. बाळ ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूला खुळखुळा वाजवायचा. पाळण्यात त्याला असं निजवायचं की दार आणि माणसांची वर्दळ त्याच बाजूला येईल. पाजताना, खांद्यावर घेताना बाजू बदलायची. जागं असताना, आपल्या नजरेसमोर, रोज थोडा थोडा वेळ पालथं घालायचं. आंद्रीनं १७४१ मध्ये आईबापांच्या हाती जे काम दिलं होतं, ते फिरून त्यांच्याकडेच आलं.

पाठीवर निजवण्याची किंमत

या इतिहासातलं एक वळण आपल्या पिढीचं आहे. तान्ही बाळं झोपेतच अचानक दगावण्याचे प्रकार थांबवण्यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये सांगितलं की बाळाला पालथं झोपवू नका. १९९४ मध्ये ‘पाठीवर झोपवा’ अशी देशव्यापी मोहीम निघाली आणि असे मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. वैद्यकातला हा मोठा विजय. पण त्याबरोबर मागून चपटी झालेली डोकी दवाखान्यांत जास्त दिसू लागली. त्यातल्या कितीतरी बाळांची मान एका बाजूला आखडलेली असायची. मान एकीकडे वळते म्हणून डोकं तिथेच टेकतं, आणि तिथेच टेकतं म्हणून मान आणखी तिकडेच वळते. उत्तर पालथं झोपवणं हे नव्हतं. झोप पाठीवर आणि जागेपणी पालथं, असा समझोता झाला.

आपल्याकडे

आयुर्वेदात ‘मन्यास्तंभ’ आहे, पण तो मान धरण्याचा, ताठरण्याचा विकार. तान्ह्याची वाकडी मान हाताळली ती बाळंतिणीच्या खोलीत. तिथे मालिशवाली असते, कोमट तेल असतं आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी असते. या मालिशवालीचा हात रोज बाळाच्या अंगावरून फिरतो. मानेतली सुपारीएवढी गाठ किंवा एका बाजूला न वळणारी मान डॉक्टरच्याही आधी तिच्या हाताला लागू शकते. ‘बाळ एकाच कुशीला बघतंय गं,’ हे तिचं वाक्य म्हणजे निदानाची सुरुवात. फक्त त्यापुढे ‘मी बसवते मान’ असं व्हायला नको. ती मान झटक्यानं वळवायची नाही आणि गाठ चोळायची नाही. उशीबद्दलही आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की तान्ह्याला झोपताना उशी नकोच, कारण श्वास कोंडण्याचा धोका असतो.

दुसरं आपल्याकडचं वाक्य म्हणजे ‘मोठं झालं की सुटेल’. ते पुष्कळ जणांना लागू पडतं म्हणूनच फसवं आहे. उरलेली मुलं मग शाळेच्या वर्गफोटोत सगळ्यांपेक्षा वेगळ्या कोनात उभी राहतात. त्यातल्या मुलींचा विचार घरात सुरू होतो तो कधी कधी थेट लग्नाचं बघायला लागल्यावर. तेव्हाही शस्त्रक्रिया होते आणि मान बरीच सुटते. पण चेहऱ्याची वाढ तोवर होऊन गेलेली असते, तिला मागे नेता येत नाही. सिकंदराची नक्कल करायला राजे होते. या मुलीची नक्कल वर्गातली पोरं करतात.

मराठीत बाळाच्या वाढीचा एक टप्पा ‘मान धरणं’ या दोन शब्दांत सांगतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आजी शेजारणीला अभिमानानं सांगते, ‘बाळानं मान धरली बरं का.’ त्या वेळी आणखी एवढंच बघायचं की धरलेली मान सरळ आहे का, आणि दोन्हीकडे सारखी वळते का. बाळाचे मोबाइलमधले फोटो एकापाठोपाठ एक सरकवून पाहिले तरी कळतं. प्रत्येक फोटोत डोकं त्याच बाजूला कललेलं असेल, तर पुढच्या लसीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं.